मृगाच्या किड्याचे पाय

यंदाचा पहिला दमदार पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाजवळच्या मातीत मला मृगाचा किडा दिसला. एक नाही, चांगले तीन! किती वर्षांनी दिसला म्हणून सांगू... सिमेंटच्या रस्त्यांनी आमच्या नागपुरातली माती गिळायला सुरुवात केली तेव्हापासून तो दिसेनासाच झाला होता. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवरून आला असावा. तोच लाल मखमली अंगरखा, तीच संथ चाल, कुठे जायची घाई नाही.

नातवाला हाक मारली. तो दहावीत आहे, म्हणजे त्याला वेळ नसतो. (मोबाइलसाठी असतो, ते वेगळं.) पण आला बिचारा.

"आजी, हा रेड व्हेल्व्हेट माइट. इन्सेक्ट नाही हा."

"अरे, मृगाचा किडा आहे तो. आम्ही लहानपणापासून बघतोय."

"किडा म्हण, पण इन्सेक्ट नाही. पाय मोज ना."

माझं पेपर वाचायचं भिंग घेऊन आलो आणि दोघंही उकिडवे बसलो. म्हणजे तो बसला, मी मोढा घेतला. मोजले. चार इकडे, चार तिकडे. आठ.

आणि मला एकदम एक काडीपेटी आठवली.

1985 सालची गोष्ट. मी मराठी शिकवायचे. बी.ए.ला मराठीच होतं, विज्ञानाशी संबंध मॅट्रिकनंतर संपलेला. त्या वर्षी शाळेतल्या विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि सातवी 'ब'चे विज्ञानाचे तास माझ्या गळ्यात आले. तुम्हाला माहीत आहेच, आमच्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात. त्यामुळे पहिला पाऊस, नवीन वह्यांचा वास आणि मृगाचा किडा हे सगळं एकदमच यायचं. मी पुस्तक वाचून दाखवायचे, मुलं खाली रेघा मारायची, असं आमचं विज्ञान चाललं होतं.

वर्गात कळमेश्वरकडचा एक मुलगा होता. गावी शेती, इथे मामाकडे राहून शिकायचा. एक दिवस तास संपता संपता तो टेबलाजवळ आला आणि खिशातून काडीपेटी काढली. आत हिरवं गवत आणि गवतावर मृगाचा किडा.

"बाई, ह्याले तं आठ पाय हायेत. पुस्तकात कीटकाले सहा लिवले हायेत. मंग हा कीटक नोहे न?"

मी काय म्हणायला हवं होतं? "बघू बरं, मोजू या." एवढंच. त्याला पाच मिनिटं लागली नसती. पण चाळीस मुलं बघत होती आणि मला उत्तर माहीत नव्हतं. मी म्हणाले, "अरे, नावातच किडा आहे आणि म्हणे कीटक नाही! बस जागेवर." वर्ग खो खो हसला. मीही हसले.

गोष्ट तिथेच संपली असती. पण पुढे घटक चाचणीत मी एक प्रश्न काढला होता. गटात न बसणारा ओळखा: मुंगी, झुरळ, मृगाचा किडा, कोळी. माझं उत्तर, कोळी. त्या मुलाने लिहिलं होतं, 'दोन आहेत. कोळी आणि मृगाचा किडा.' मी लाल पेनाने काट मारली आणि बाजूला शेरा लिहिला, 'एकच लिहावे.' एक मार्क गेला.

मार्काचं काय, एकच होता. पण त्यानंतर त्या मुलाने वर्गात काही आणलं नाही. काडीपेटी नाही, प्रश्नही नाही. हे मला तेव्हा जाणवलंसुद्धा नाही. परवा भिंगातून आठ पाय मोजताना जाणवलं.

असो. तर त्या दिवशी दुपारी मी नातवाचं विज्ञानाचं पुस्तक घेऊन बसले. दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान'च्या दुसऱ्या भागात प्राण्यांच्या वर्गीकरणाचा धडा आहे. नातू सेमी-इंग्रजीवाला, त्याचं पुस्तक इंग्रजी. मग शेजारच्या मुलीकडून मराठी पुस्तक मागून आणलं आणि दोन्ही समोरासमोर ठेवली. खरं सांगते, या वयात परीक्षेशिवाय अभ्यास करण्यासारखं सुख नाही!

मला वाटायचं, प्राण्यांची वर्गवारी म्हणजे उडणारे, पोहणारे, चालणारे आणि सरपटणारे. या हिशेबाने वटवाघूळ पक्षी होतं आणि देवमासा मासा होतो. पण शास्त्र विचारतं, अंगाची घडण कशी आहे? आणि प्रश्नही एकामागून एक ठरलेले आहेत.

पहिला प्रश्न, शरीराचे दोन सारखे भाग पडतात का? हे मला स्वयंपाकघरात लगेच कळलं. आल्याचा तुकडा कसाही कापा, दोन सारखे भाग व्हायचे नाहीत. बरेचसे स्पंज तसे. थालीपीठ मधल्या भोकातून कुठूनही कापा, दोन्ही अर्धी सारखी. जेलीफिश तशी. आणि विड्याचं पान मधल्या शिरेवरच कापलं तर सारखं, दुसरीकडे कापाल तर नाही. गांडूळ, मुंगी, बेडूक, गाय, तुम्ही, मी, सगळे विड्याच्या पानातले. यांना शास्त्रात असममित, अरीय सममित आणि द्विपार्श्व सममित म्हणतात. तारामाशाची तर गंमतच आहे. मोठेपणी तो पाच हातांचा गोल दिसतो, पण पिल्लू असताना विड्याच्या पानासारखा असतो.

मग पुढचे प्रश्न. गर्भात पेशींचे थर दोन की तीन? आतडं आणि अंगाची भिंत यांच्यामध्ये पोकळी आहे का? (तिला देहगुहा म्हणतात. किती छान शब्द!) शरीराचे गांडुळासारखे एकसारखे खंड पडलेत का? पाठीत पृष्ठरज्जू आहे का? या चाळणीतून एकेक गट खाली पडत जातो. कणा असलेल्यांत मग पुन्हा मासे, उभयचर, सरीसृप, पक्षी आणि सस्तन. तिथे श्वास कल्ल्यांनी की फुप्फुसांनी, हृदयाला कप्पे किती, अंगावर खवले की पिसं की केस, हे बघायचं. माशाच्या हृदयाला दोन कप्पे, बेडकाला तीन, पक्षी आणि आपल्याला चार. सरीसृपांना सहसा तीन, पण मगरीला चार. प्रत्येक वर्गात एक मगर असतेच म्हणा. :)

या सगळ्यात मला, एका मराठीच्या बाईला, सर्वात जास्त आवडली ती नावं. नातू 'आर्थ्रोपोडा' म्हणून घोकतो, आणि चार दिवसांनी विसरतो. मराठी पुस्तक म्हणतं 'संधिपाद'. ज्याच्या पायांना सांधे आहेत तो. झालं, पाठ करायला काही उरलंच नाही! मृदुकाय म्हणजे मऊ अंगाचे, गोगलगाय आणि शिंपल्यातले जीव. कंटकचर्मी म्हणजे काटेरी कातडीचे, तारामासा वगैरे. रंध्रीय म्हणजे अंगभर भोकं असलेले स्पंज. वलयी म्हणजे अंगावर कडी असलेलं गांडूळ. यात प्रत्येक नावाने आधी प्राण्याचं अंग बघितलं आहे आणि मग तोंड उघडलं आहे.

आपल्या बोलीतली नावं मात्र तसं करत नाहीत. ती दिसतं त्यावर जातात. मी वहीत एक यादीच केली. देवमासा मासा नाही, सस्तन आहे. तारामासा मासा नाही. समुद्रघोडा घोडा नाही, तो मात्र खरा मासा! गोगलगाय गाय नाही. खवल्या मांजर मांजर नाही. त्याच्या अंगावर सरीसृपासारखे खवले दिसतात, पण पिल्लाला दूध पाजतं. शहामृग मृग नाही. यातला 'मृग' मुळात फारसीतला 'मुर्ग' असावा, म्हणजे पक्षी. आपण त्याला हरणांच्या कळपात नेऊन बसवलं. सगळ्यात मजा म्हणजे आज शास्त्रज्ञ सांगतात की देवमाशाचा सर्वात जवळचा जिवंत नातेवाईक पाणघोडा आहे. एकाला आपण मासा म्हटलं, दुसऱ्याला घोडा म्हटलं, आणि निघाले दोघे एकमेकांचे भाऊबंद.

उलटही होतं. पावसाळ्यात न्हाणीघराच्या मोरीतून गांडूळ निघतं, तसाच वाळाही निघतो. दोघेही काळपट, बारीक, वळवळणारे. पण गांडुळाच्या अंगात हाड नाही, आणि वाळा हा चक्क कणा असलेला साप आहे. बिनविषारी, बिचारा वाळव्या-मुंग्यांच्या अंड्यांवर जगतो. आणि सह्याद्रीत देवगांडूळ म्हणून एक प्राणी आहे, तो दिसतो गांडुळासारखाच, पण आहे बेडकाच्या गोतातला, उभयचर. तिघांचा आकार एक आणि कुळं तीन!

म्हणून बोलीभाषेतली नावं टाकाऊ आहेत असं नाही हं. विदर्भाच्या जंगलांत नोकरी केलेल्या मारुती चितमपल्लींनी (2025 साली ते गेले) पक्षीकोश आणि प्राणिकोश केले, ते जंगलातल्या माणसांच्या तोंडची नावं जपतच. नावात माणसाचं बघणं असतं. फक्त ते बघणं कुठपर्यंत गेलं आहे ते आपण बघायचं.

आपल्याकडे जुन्या काळी एक वेगळी वाटणी होती. ऐतरेय उपनिषदात आहे ती. अंडज, जारुज (पुढे जरायुज), स्वेदज आणि उद्भिज्ज. म्हणजे अंड्यातून, वारेतून, घामातून आणि जमीन फोडून येणारे. कीर्तनात 'चार खाणी' ऐकल्या असतील. घामातून उवा होतात हे काही खरं नाही. पण जन्म कसा होतो हे विचारणं चुकीचं नव्हतं. त्या हिशेबाने वटवाघूळ पक्ष्यांत न जाता थेट आपल्या पंगतीत येतं.

आणि युरोपातले मोठे लोकही काही एका दिवसात शहाणे झाले नाहीत. ज्याला वर्गीकरणाचा जनक म्हणतात त्या स्वीडनच्या लिनियसने 1735 सालच्या पहिल्या आवृत्तीत देवमाशाला माशांतच ठेवलं होतं. 1758 च्या दहाव्या आवृत्तीत त्याने दूध पाजणाऱ्यांचा वेगळा वर्ग केला आणि देवमासा तिकडे गेला. त्याच आवृत्तीत त्याने वटवाघळाला माणूस आणि माकडाच्या गणात बसवलं! आणि कीटकांच्या वर्गात कोण कोण होतं? कोळी होता, विंचू होता, खेकडासुद्धा होता. मृगाच्या किड्याचे युरोपातले लाल मखमली भाऊही तिथेच होते. मग फ्रान्सच्या लामार्कने 1801 सालच्या ग्रंथात कोळी-विंचवांचा वर्ग कीटकांपासून वेगळा मांडला.

हे वाचून मला जरा बरं वाटलं. म्हणजे माझी चूक लिनियसच्या पंगतीतली होती. पण तो 1758 सालचा आणि मी 1985 सालची. शिवाय माझ्यापुढे काडीपेटीत पुरावा होता.

मृगाच्या किड्याचं प्रकरण आता मला नीट कळलं आहे. तो संधिपादच, मुंगी आणि झुरळही संधिपादच. पण कीटकाला सहा पाय, डोकं-छाती-पोट असे तीन स्पष्ट भाग आणि मिशा. मृगाच्या किड्याला आठ पाय, मिशा नाहीत, आणि अंग सगळं एकच गाठोडं. तो कोळी, विंचू आणि गोचीड यांच्या घरातला. एक गंमत सांगते. अंड्यातून निघालेल्या त्याच्या पिल्लाला सहाच पाय असतात आणि ते नाकतोड्यासारख्या कीटकांच्या अंगाला चिकटून जगतं. आठ पाय नंतर येतात. म्हणजे पिल्लूपणी माझी बाजू थोडीफार खरी होती म्हणायची!

पण मनाला लागलं ते वेगळंच. मी जन्मभर व्याकरण शिकवलं. शब्दांच्या आठ जाती, चार विकारी, चार अविकारी. मुलांना कितीदा बजावलं असेल, शब्दाच्या तोंडाकडे बघू नका, त्याचं वाक्यातलं काम बघा. 'पोरगा वर गेला' यातला 'वर' क्रियाविशेषण, 'झाडावर'मधला शब्दयोगी, आणि मांडवात बसलेला 'वर' नाम. रूप एक, जात वेगळी. हे मी फळ्यावर लिहून दाखवत होते. आणि त्याच वर्गात एक मुलगा नेमकं तेच करत होता, नावाकडे न बघता अंगाकडे बघत होता, तर मी त्याला खाली बसवलं. मुलांना अजब बंगल्यात (आपलं 1863 सालचं मध्यवर्ती संग्रहालय हो) घेऊन जायचे तेव्हाही मी तेच करत असे. काचेमागचे प्राणी-पक्षी राहायचे बाजूला, मी पाट्या वाचून दाखवायचे.

त्या बॅचच्या मुलांचा व्हॉट्सअ‍ॅपवर गट आहे. मुलं कसली, पन्नाशी ओलांडली सगळ्यांनी. तिथून नंबर मिळवला. दोन दिवस फोन करावा की नाही यात गेले. काय सांगणार? "तुझा एक मार्क द्यायचा राहिला"? शेवटी नातवानेच नंबर लावून फोन हातात दिला.

आवाज ओळखला त्याने! दहावीनंतर शेतीच धरली म्हणे. संत्र्याची बाग आहे. मी काडीपेटीची गोष्ट काढली. घटक चाचणीचंही सांगितलं. म्हणाले, "तुझं बरोबर होतं रे. माझं चुकलं."

तिकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाला, "मले माहीत होतं बाई. मोजले होते न मी."

मग तोच मला शिकवायला लागला. "बाई, संत्र्यावर कोळी येते. एवढुशी, डोयाले दिसत नाही. फळाची साल लाल-काळपट करून टाकते, आमच्याकडं लाल्या म्हणते त्याले. भाव पडून जाते. पयल्यांदा आली तवा म्या किडीचं औषध मारलं, पैसे गेले, फरक काही नाही. मंग कृषीवाले साहेब आले. म्हणे, बाबा, हा कीटक नोहे, कोळी होय. ह्याचं औषध येगळं. मंग गंधक मारलं तवा कुठं थांबलं."

मी ऐकत राहिले. म्हणजे ज्या बारक्या जिवांना इंग्रजीत माइट म्हणतात त्यांना आपली शेतकी भाषा सरळ 'कोळी' म्हणते. माझ्या प्रश्नात मी कोळ्याला एका बाजूला आणि मृगाच्या किड्याला दुसऱ्या बाजूला ठेवलं होतं. त्याच्या बागेत ते कधीपासून एकाच नावाने नांदत होते. आणि मला जो एक मार्काचा प्रश्न वाटला होता, तो चुकला तर तिकडे अख्खा मृग बहार हातचा जातो.

मी विचारलं, "माझा राग आला होता का रे तेव्हा?"

"राग कायचा बाई? मले तं एवढंच आठवते का तुम्ही म्हटलं, काडीपेटीत गुदमरंन तो, भिताडाजवळ सोडून ये. तसा सोडला म्या."

मला हे मुळीच आठवत नाही. माझा हसण्याचा आवाज आठवतो, आणि ती लाल काट. त्याला सोडलेला किडा आठवतो. तो मला बरं वाटावं म्हणून म्हणाला असेल का? असेलही. नागपूरकडची माणसं बोलायला रांगडी, पण अशा बाबतीत फार सांभाळून घेतात.

पुस्तक परत करायच्या आधी नातवाने विचारलं, "आजी, मग आता सगळं पक्कं ना? हेच फायनल?" मी म्हणाले, "नाही रे. लिनियसलाही तसंच वाटलं असेल." अंगाच्या घडणीवरून लावलेली नाती आता डीएनएवरून पुन्हा तपासतात. पक्षी हे सरीसृपांच्याच घराण्यातली एक शाखा आहेत असं म्हणतात. मगरीला कोंबडी ही सरड्यापेक्षा जवळची! पुढच्या पिढीचं पुस्तक वेगळं असेल. तेव्हा कुणी काडीपेटी घेऊन समोर आलं तर आधी भिंग आणायचं, एवढं मी नातवाला सांगून ठेवलं आहे.

फाटकाजवळचे तीन किडे दोन दिवस दिसले, मग मातीत गेले. संत्री तोडायला आली की बागेत या, असं बोलावणं आहे. जाणार आहे.

संस्कृतात या किड्याला इंद्रगोप म्हणतात, पलीकडे छत्तीसगडात रानी कीडा. तुमच्याकडे काय म्हणतात? आठवत असेल तर नक्की कळवा. आणि दिसला तर पाय मोजा बरं का.